घरदुरुस्तीची व्हॅन कोणाची?

लेखाचा विषय ऐकून वाचक हसतील याची मला कल्पना आहे. कला शाखेच्या वार्षिकात व्हॅनींच्या ताफ्याचे काय काम? परंतु अर्थशास्त्राच्या तासाला ‘एखादे काम संस्थेने स्वतः करावे की बाहेरून करून घ्यावे’ हा जो प्रश्न आपण वहीत उतरवून घेतो, त्याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे आढळले नाही. हे उदाहरण इंग्लंडमधील आहे.

तेथे ‘हौसिंग असोसिएशन’ नावाच्या संस्था असतात. आपल्याकडील सहकारी गृहनिर्माण संस्थेशी त्यांची गल्लत करू नये. आपल्या सोसायटीत सभासद हेच घरांचे धनी असतात; तेथे घराची मालकी संस्थेकडे असते व राहणारा हा भाडेकरू असतो. नफा वाटून घ्यायचा नाही, उरलेला पैसा घरांतच घालायचा, असा त्यांचा दंडक. ही परंपरा जुनी आहे. जॉर्ज पीबडी या लंडनवासी अमेरिकन सावकाराने १८६२ साली लंडनच्या गरिबांसाठी दीड लाख पौंडांची देणगी दिली व तिच्यातून मजुरांच्या चाळी उभ्या राहिल्या. १८६५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी जॉन रस्किन यांच्या पैशांतून मॅरिलेबोनमधील तीन पडकी घरे ताब्यात घेतली. दर आठवड्याला भाडे गोळा करायचे व त्यातूनच दुरुस्ती करायची, अशी त्यांची पद्धत होती. आज इंग्लंडमध्ये अशा संस्थांच्या ताब्यात २५ लाखांहून अधिक घरे आहेत. हिलबाईंची तीन घरे पायी फिरून बघता येत होती. तीस हजार घरांच्या संस्थेला मात्र प्लंबर, सुतार, गवंडी, वीजतंत्री असा शे-दोनशे कारागिरांचा तांडा लागतो आणि प्रत्येकाला एकेक व्हॅन लागते.

ही व्हॅन म्हणजे चाकांवरची कोठीच होय. आत फळ्यांची मांडणी, लहान लहान खण, त्यांत वॉशर, तोट्या, कुलुपे, बॉयलरचे सुटे भाग, टपावर शिडी. प्लंबरच्या खणात योग्य तो भाग असेल तर काम पहिल्या खेपेला पुरे होते. नसेल तर भाडेकरूला पुन्हा एक दिवस रजा काढून घरी बसावे लागते.

पूर्वी पुष्कळ संस्था दुरुस्तीचे सगळे कामच ठेकेदाराला देत. त्यात व्हॅनी ठेकेदाराच्या, म्हणजे काळजीही त्याचीच. सप्टेंबर २०१० मध्ये कॉनॉट नावाची एक मोठी दुरुस्ती कंपनी बुडाली, तेव्हा घरे जागेवर राहिली पण नळ दुरुस्त करणारे हात एकाएकी नाहीसे झाले. काही संस्थांनी त्या सुमारास कारागीर स्वतःच्या पगारावर घेण्यास प्रारंभ केला. याला करविषयक कारणही होते. घरभाड्यावर तेथे मूल्यवर्धित कर नसतो. त्यामुळे अशा संस्थेने खरेदीवर भरलेला कर बहुतांशी तिला परत मिळत नाही. आपल्या माणसाच्या पगारावर हा कर नाही. तेच काम बाहेर दिले की बिलावर २० टक्के चढतात आणि ते संस्थेच्याच अंगावर पडतात.

कारागीर आपले झाले, पण त्यांच्या गाड्यांचे काय? येथे बाहेरची कंपनी पुन्हा दारात येते. तिची पद्धत साधारणतः अशी : गाडी कंपनीच्या मालकीची, मुदत तीन ते पाच वर्षे, दरमहा ठरीव भाडे. त्यात सर्व्हिसिंग, टायर, रस्ताकर आणि गाडी तीन वर्षांची झाल्यावर दरसाल करावी लागणारी सक्तीची तपासणी यांची व्यवस्था येते. मुदत संपली की गाडी परत. जुनी गाडी विकण्याची कटकट नाही, भांडवल अडकत नाही, आणि तेच भांडवल नव्या घरांना वापरता येते. संस्थेच्या हिशेबनिसाला हे आवडले तर नवल नाही.

मात्र भाड्याचा आकडा फसवा असतो. कराराहून जास्त मैल झाले तर जादा आकार. शहरातली व्हॅन थोडी फिरते, खेड्यापाड्यांतली खूप. म्हणून सगळ्या ताफ्याचे मैल एकत्र मोजण्याची अट शहाण्या संस्था घालून घेतात. गाडी परत करताना ‘रास्त झीज’ कोणती आणि नुकसान कोणते यावरून वाद होतात. मांडणी बसवण्यासाठी पत्र्याला पाडलेली भोके ही झीज की नुकसान? सिमेंटने माखलेली बैठक? हे सही करण्यापूर्वी ठरलेले बरे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडी बंद पडल्यावर काय होते ती. कंपनी बदली गाडी पाठवते आणि तिच्या कागदांवर तक्रार मिटलेली दिसते. परंतु ती गाडी रिकामी असते. तिच्यात ना फळ्या, ना खण, ना शिडीची सोय. प्लंबर आपल्या पेट्या एका गाडीतून दुसरीत भरत बसतो आणि तोवर त्याच्या यादीतली दोन घरे हुकतात. माझ्या मते करारातील सर्वांत मोलाचे कलम हेच : बदली गाडी मांडणीसह हवी, आणि हिशेब गाडी मिळाल्याचा नव्हे, तर कारागिराचे किती तास बुडाले याचा हवा.

या तासांना आता कायद्याने वजन आले आहे. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल येथे अशाच एका संस्थेच्या सदनिकेतील बुरशीमुळे अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल दगावले. त्याच्या वडिलांनी बुरशीची तक्रार कितीतरी आधी केली होती. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये लागू झाला. तातडीच्या धोक्याची चौकशी करून २४ तासांत घर सुरक्षित करायचे. ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारीची चौकशी कामाच्या १० दिवसांत आणि त्यापुढे ५ दिवसांत उपाय. व्हॅन गॅरेजमध्ये होती, ही सबब भाडेकरूपुढे चालत नाही. घरमालक संस्थाच राहते.

रस्त्यावरही तेच. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा झिजली असेल किंवा नळ-फरश्यांनी गाडी वजनमर्यादेबाहेर भरली असेल, तर चालक दोषी ठरतोच, पण त्याला तशी गाडी चालवू देणारा मालकही सुटत नाही. तेव्हा रोज सकाळी टायरकडे एक नजर टाकण्याचे काम कोणत्याही कंत्राटाने बाहेर जात नाही. कंपन्या गाडीत यंत्र बसवून वेग, थांबे, मैल सारे टिपतात. त्याने इंधन वाचते. पण आपल्यावर पाळत आहे असे कारागिराला वाटले, की तो यंत्राला दिसेल तेवढेच काम करू लागतो.

लंडनपुरता आणखी एक मुद्दा. २९ ऑगस्ट २०२३ पासून तेथे सर्व भागांत जुन्या धूरओक्या व्हॅनला दिवसाला साडेबारा पौंड आकार पडतो. त्यामुळे मालकीच्या जुन्या डिझेल गाड्या एकदम महाग ठरल्या व भाड्याच्या नव्या गाड्यांचे पारडे जड झाले. आता विजेवरच्या व्हॅनी येत आहेत. त्यांच्या बॅटऱ्या जड, म्हणून सामानाला वजन कमी उरते. शिवाय कारागीर रात्री गाडी स्वतःच्या घरी नेतो. त्याचे घर चौथ्या मजल्यावर आणि गाडी गल्लीत. मग तिची तार लावायची कोठे, आणि त्या विजेचे बिल कोणाच्या नावे फाडायचे, हे भाडेकरार करताना संस्थेला आता विचारावे लागते.