छोटे तैलचित्र, मनुष्याकृती आणि करडईचे तेल

सहा-आठ इंचांच्या तैलचित्रात माणसाचा चेहरा अंगठ्याएवढा येतो. तिथे पापण्या मोजत बसण्यात अर्थ नसतो. डोळ्याची खोबण, नाकाखालची सावली, मानेचा कल एवढे जमले की माणूस ओळखू येतो. म्हणून आधी उजेड आणि सावली यांचे दोन-तीन मोठे भाग मांडतात, कडा शेवटी ठरवतात. बारीक ब्रशचा मोह इथे सर्वांत घातक. चपटा ब्रश एका फटकाऱ्यात गाल उभा करतो.

तैलरंग जलरंगासारखा पाणी उडून सुकत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. अशा तेलांत जवसाचे तेल मुख्य. त्याचा थर मजबूत होतो, पण कालांतराने पिवळसर पडतो. त्यामुळे पांढऱ्या आणि फिक्या रंगांसाठी अनेक रंग-उत्पादक करडईचे तेल वापरतात. ते कमी पिवळे पडते, मात्र सुकायला जास्त वेळ घेते आणि थरही थोडा कच्चा राहतो. खालच्या थरात ते टाळलेलेच बरे, कारण वरचा थर आधी सुकला तर तडे जातात.

परभणीकरांना करडई नवी नाही. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण दिला आहे. स्वयंपाकाचे करडई तेल मात्र रंगात ओतू नये; चित्रकलेसाठीचे तेल वेगळे शुद्ध केलेले असते.

महाराष्ट्रात तैलरंगातली मनुष्याकृती रुजली ती मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे. पेस्तनजी बोमनजी आणि गोव्यात जन्मलेले ए. एक्स. त्रिंदाद यांची व्यक्तिचित्रे त्याच परंपरेतली.