दख्खनच्या मशिदी (३) : अंगण नसलेली जामा मशीद

गेल्या आठवड्यात आपण दौलताबादच्या किल्ल्यातली १३१८ ची जामा मशीद पाहिली : जुन्या देवळांचे खांब, पश्चिमेला नमाजाचा दालनभाग आणि पुढे ऐसपैस मोकळे प्रांगण. मोठ्या जामा मशिदींचा आराखडा बहुधा असाच असतो. शुक्रवारची गर्दी अंगणात, आभाळाखाली मावते. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली मशीद मात्र हा रिवाज बाजूला ठेवते. तिला अंगणच नाही.

अलाउद्दीन हसन बहमनशाहाने १३४७ मध्ये दौलताबादला दिल्लीपासून स्वतंत्र राज्य जाहीर केले आणि राजधानी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला हलवली. ही मशीद त्याच्या मुलाच्या, पहिल्या मुहम्मदशाहाच्या काळातली. शिलालेखात १३६७ हे वर्ष आणि रफी या बांधणाऱ्याचे नाव येते. रफी मूळचा इराणातल्या कझवीनचा. दौलताबादला देवळांच्या खांबांवर काम भागवावे लागले होते. इथे मशिदीचा विचार पायापासून नव्याने झालेला दिसतो.

पूर्व-पश्चिम सुमारे २१६ फूट आणि उत्तर-दक्षिण १७६ फूट अशी ही सगळी जागा छताखाली आहे. मधल्या भागात जाड चौकोनी खांबांच्या रांगा आणि प्रत्येक चौकावर एक छोटा घुमट. घुमट आपला भार नुसता खाली टाकत नाही, तो आधाराला बाहेरही रेटतो. शेजारी तेवढाच घुमट असला की दोघांचा रेटा परस्परांना तोलतो, म्हणून एवढ्या विस्तारालाही मधे भिंत लागत नाही. उत्तर, पूर्व आणि दक्षिण बाजूंच्या ओवऱ्यांत या इमारतीचे खरे वैभव आहे. तिथल्या कमानी विलक्षण रुंद, आणि त्या जमिनीपासून फार वर न जाताच वळायला लागतात. वास्तविक असे प्रमाण बसके दिसायला हवे. पण एकामागून एक कमान दिसत गेली की नजर लांबवर ओढली जाते. माझ्या मते दख्खनच्या वास्तुकलेत याहून धीट रेषा क्वचितच सापडेल. चार कोपऱ्यांवर चार मोठे घुमट आहेत आणि मिहराबापुढे सर्वांत मोठा पाचवा, उंच चौकोनी चौथऱ्यावर उचललेला. अंगण नसल्याने उजेड येतो तो बाजूच्या कमानींतून.

ही मशीद स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीची नक्कल आहे, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. मला ते मुळीच पटत नाही. कोर्दोबाला सडपातळ स्तंभांवर दुमजली कमानी आणि वर लाकडी छत. शिवाय तिला प्रशस्त अंगणही आहे. आणि १३६७ मध्ये तिथे मशीद उरलीच कुठे होती? १२३६ मध्येच तिचे चर्च झाले होते. दोन्हीकडे खांबांचे रान आहे, एवढ्यावरून रफीचे श्रेय परदेशी पाठवणे अन्यायाचे आहे.

एवढे धाडस करूनही हा आराखडा दख्खनमध्ये रुजला नाही. दाट, जाड खांबांमुळे मागच्या रांगांना खुतबा देणारा दिसणे कठीण, हे त्याचे एक कारण असावे. पुढे विजापूरच्या जामा मशिदीत अंगण पुन्हा आले.

बहमनींची राजधानी नंतर बीदरला गेली. पुढच्या आठवड्यात तिथे महमूद गावानने १४७२ च्या सुमारास उभारलेला मदरसा पाहू. इराणी रंगीत फरशांचे काम दख्खनच्या हवेत कितपत टिकले, हे त्याच्या भिंतींवर आजही दिसते.