रॅप-गायन आणि ‘स्वदेशी’ मंडळी

ज्यांच्या घरीं पंधरा ते पंचवीस वर्षांचीं मुलें आहेत अशा आमच्या वाचकांना ‘रॅप’ हा शब्द नवा नाहीं. घरांत तो बहुधा वादाच्या निमित्तानेंच उच्चारला जातो. आजोबा म्हणतात, “हें गाणें नव्हे, ही वटवट झाली”. नातू म्हणतो, “आजोबा, तुम्हांला तें कळायचें नाहीं”. आणि कानांत तीं इवलींशीं पांढरीं बोंडें घालून तो माडीवर निघून जातो. (कापसाच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या आम्हांला त्या यंत्रांस दुसरें नांव सुचत नाहीं.) यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी, कोठेंही जा, हा प्रवेश थोड्याफार फरकानें ठरलेला आहे. आजोबांच्या व नातवाच्या दरम्यान थोडी मध्यस्थी करावी, या हेतूनें आम्हीं हा लेख हातीं घेतला आहे. आणि त्यास आधार म्हणून मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळीचीं गाणीं निवडलीं आहेत. त्या मंडळींत एक आवाज आपल्या वऱ्हाडचा आहे, हेंही एक कारण.

प्रथम या प्रकाराची जन्मकथा सांगितली पाहिजे. ता. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागांत, भाडेकरूंच्या एका मोठ्या इमारतींत, जमेकाहून आलेल्या कुटुंबांतील एका तरुणानें आपल्या बहिणीनें योजिलेल्या समारंभांत तबकड्या वाजविल्या. क्लाइव्ह कॅम्बेल हें त्याचें नांव. लोक त्याला डीजे कूल हर्क म्हणत. गायकाचा भाग थांबून नुसता ताल उरला, कीं नाचणारे अधिक रंगतात, हें त्यानें हेरलें होतें. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तोच तुकडा आळीपाळीनें वाजवून लांबविण्याची युक्ति त्यानें काढली. त्या लांबलेल्या तालावर कोणी बोलूं लागलें, बोलणें यमकांत येऊं लागलें, आणि रॅप जन्मास आला. १९७९ सालीं ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी गाजली. १९८२ सालच्या ‘द मेसेज’नें गरीब वस्तीचें जिणें या प्रकारांत आणिलें. २०१८ सालीं तर केंड्रिक लामार या कॅलिफोर्नियाच्या रॅपरास ‘डॅम’ या संग्रहाबद्दल संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. अभिजात व जॅझ संगीताबाहेर तें पूर्वीं कोणासही मिळालें नव्हतें. आजोबांनीं एवढें टिपून ठेवावें.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. रॅपमध्यें सूर शोधूं जाणारा निराश होतो, कारण सूर हें तेथें साध्यच नाहीं. साध्य आहे तो तालांत बसविलेला शब्द. कोणता शब्द समेवर पडावा, कोणता मात्रेच्या अलीकडे सांडावा, यमक ओळीच्या शेवटींच ठेवावें कीं मध्येंच दोनदां खेळवावें, यांत कसब आहे. हें आपल्याकडे अगदींच अपरिचित आहे काय? शाहीर पोवाड्यांत लढाईचें वर्णन करितांना सूर सोडून भराभर बोलत जातो आणि झिलकरी त्याला ‘जी जी’ म्हणून टेका देतात, तेव्हां कोणी त्याला वटवट म्हणत नाहीं. तबल्याचा विद्यार्थी बोल वाजविण्यापूर्वीं तोंडानें पढंत करितो. वऱ्हाडांत तर खंजिरीच्या ठेक्यावर लोकांना शहाणें करण्याची चाल जुनी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरीनें गांवेंच्या गांवें जागीं केलीं, आणि त्यांच्या मागून सत्यपाल महाराज एकाच वेळीं सात खंजिऱ्या वाजवीत लोकांना हंसविते व टोचते झाले. रॅप पोवाड्यापासून निघाला असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें हा पोकळ अभिमान होईल. परंतु पोवाड्याला लावावयाची कसोटी रॅपलाही लावतां येते, एवढें खास.

‘स्वदेशी’ ही मंडळी मुंबईंत २०१३ च्या सुमारास जमली. अक्लेश सुतार हे ‘एमसी मवाली’ या नांवानें मराठींत म्हणत, धर्मेश परमार हे ‘एमसी तोडफोड’ या नांवानें गुजरातींत. हीं नांवें ऐकून सोवळ्या कानांना ठेंच लागेल हें आम्ही जाणतों. पण पूर्वींच्या काळीं तमासगीरांचीं नांवें तरी कोठें सात्त्विक असत? तिसरें नांव गमतीचें आहे. आधीं १०० हा आंकडा आणि त्यापुढें आर, बी, एच हीं इंग्रजी अक्षरें. शंभरास हिंदींत ‘सौ’ म्हणतात हें ध्यानांत आलें, कीं कोडें सुटतें: सौ-रभ! हे सौरभ अभ्यंकर, आपल्या शेजारच्या अमरावतीचे. जातिभेद व विषमता हे त्यांचे नेहमींचे विषय. २०२४ सालीं ‘हसल’ या रॅपच्या दूरचित्रवाणी-स्पर्धेंत ते उतरले, तेव्हां त्यांचे तुकडे वऱ्हाडांतल्या मुलांच्या हातोहातीं फिरले.

या मंडळींतील कांहीं जणांना विवेक राजगोपालन या मृदंगवादकांची गांठ पडली, ही त्यांच्या चरित्रांतील भाग्याची गोष्ट होय. दक्षिणेकडे ताल तोंडानें म्हणण्याची स्वतंत्र विद्या आहे, तिला कोन्नक्कोल म्हणतात. तकधिमि म्हटलें कीं चार मात्रा, तकिट म्हटलें कीं तीन. यांच्या जुळणींतून वाटेल तेवढे हिशेब मांडतां येतात. राजगोपालन यांनीं हा हिशेब वस्तींतल्या पोरांपुढें मांडला, आणि पोरांनीं त्यांत आपापल्या भाषेचे शब्द भरले. त्याचें फळ म्हणजे ‘इंडिया ९१’ हें गाणें. १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं प्रदर्शित झालेल्या ‘गली बॉय’ या चित्रपटांत तें घेतलें गेलें. त्यांत अभ्यंकरांचा, मवालींचा व तोडफोड यांचा आवाज आहे. अमेरिकेचा प्रकार, मद्रासकडील ताल आणि मराठी-गुजराती बोली यांचें असें लग्न पूर्वीं लागलेलें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

वाचकांस आठवत असेल, त्याच्याच आदल्या महिन्यांत यवतमाळास ९२ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें होतें. आधीं ज्यांना बोलाविलें त्या नयनतारा सहगल यांचें निमंत्रण मागें घेतल्यानें मोठें वादळ उठलें, आणि अखेर उद्घाटन केलें तें कळंब तालुक्यांतील राजूरच्या श्रीमती वैशाली येडे यांनीं. त्यांच्या शेतकरी पतीनें आत्महत्या केली होती. ज्याचें दुःख त्याच्याच तोंडून ऐकण्याची संवय त्या दिवशीं मांडवांतल्या विद्वानांना थोडी लागली असावी. तीच संवय घेऊन ‘स्वदेशी’च्या २०१९ सालच्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्याकडे गेलें पाहिजे.

हें गाणें मुंबईच्या आरे वसाहतीसंबंधीं आहे. नांव दूध-वसाहतीचें असलें तरी तेथें सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. त्यांपैकीं केलटी पाड्यावरचे प्रकाश भोईर, हे स्वतः आदिवासी, या गाण्यांत सामील आहेत. भोईरांचा आवाज कसलेल्या गवयाचा नाहीं, आणि तोच त्याचा गुण. जंगल ज्याचें घर आहे तो माणूस घराबद्दल बोलतो, आणि शहरांतला तरुण त्याच्या शेजारीं उभा राहून त्याला साथ करितो. त्याच्या पुढें होत नाहीं. आमच्या मतें हेंच या मंडळीचें सर्वांत चांगलें काम.

मग काय झालें? त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानें झाडें वांचविण्याचे अर्ज फेटाळले आणि मेट्रोच्या गाड्यांच्या आगारासाठीं त्याच रात्रीं तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली. परंतु तोंपर्यंत २१४१ झाडें आडवीं झालीं होतीं. पुढें आगार कांजूरमार्गास नेण्याचें ठरलें, तेंही अडलें, आणि २०२२ सालीं सरकार बदलतांच पुन्हां आरेस आलें. २०२४ च्या ऑक्टोबरांत त्या मार्गावर गाड्या धांवूं लागल्या. मेट्रोनें मुंबईकरांची सोय झाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमच्या वाचकांचीं मुलें-सुनाही तिनें कचेरीस जात असतील. मात्र गाणें आधीं आलें आणि कुऱ्हाड मागून, हा क्रम नोंदला पाहिजे.

२०२० सालीं मंडळीनें ‘चेतावनी’ हा संग्रह काढला. २०२२ च्या मार्चमध्यें धर्मेश परमार अवघ्या २४ व्या वर्षीं वारले. गुजरातीसारख्या व्यापारी समजल्या जाणाऱ्या भाषेंत असा जळजळीत प्रकार रुजविणारा हा तरुण होता. त्याची जागा भरून निघालेली नाहीं.

दोषही सांगितले पाहिजेत. रॅप म्हणून जें जें बाजारांत येतें त्यांतलें पुष्कळसें आत्मस्तुति, शिवीगाळ आणि महागड्या गाड्या यांतच गुंतलेलें असतें. मुलांनींही हें कबूल करावें. ‘स्वदेशी’चीं गाणीं त्या चिखलाच्या बाहेर आहेत, तरी त्यांतही वेगाच्या हौसेनें शब्द गिळले जातात. शाहिराचा शब्द शेवटच्या रांगेंतल्या म्हाताऱ्याला कळत असे, ही गोष्ट या तरुणांनीं जुन्यांकडून घेण्याजोगी आहे.

ऐकूं इच्छिणाऱ्यांनीं एका रविवारीं जेवणानंतर नातवाकडूनच हीं दोन गाणीं लावून घ्यावीं, बोंडें बाजूस ठेवून, सर्वांना ऐकूं येईल अशा बेतानें. ‘वारली रिव्होल्ट’ आधीं ऐकावें व न कळलेले शब्द नातवास विचारावे. ‘इंडिया ९१’ च्या वेळीं मात्र शब्दांच्या मागें न लागतां आजोबांनीं मांडीवर हातानें मात्रा मोजाव्या, आणि नातवालाही मोजावयास लावाव्या.