फुलांचा बहर आणि पाण्याची पाळी



उसाला तुरा आला की आपले तोंड उतरते. वाढ थांबते, तोडणी लांबली तर वजन घटते. त्यामुळे फुलोरा बघायला मुद्दाम लांब जावे, हे आपल्या गावीही नसते. तरी गटात फिरताना एक प्रश्न येतोच, "साहेब, श्रीनगरची ट्यूलिपची बाग बघायला कधी जावं?" विचारणारी बहुधा घरची बाई. कारभारी म्हणतात, "हंगाम आटपू दे, मग बघू."

घोटाळा इथेच होतो. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराजवळ ही बाग २००७ साली खुली झाली. क्षेत्र सुमारे ३० हेक्टर, म्हणजे ७५ एकर. कंद हिवाळ्यापूर्वी लावतात. थंडी खाऊन ते मार्चअखेर फुलू लागतात. आपण कोसी ६७१ आधी आणि को ८६०३२ मागून तोडतो, तसे तिथे लवकर व उशिरा फुलणारे वाण असतात. तरी सगळा बहर महिनाभराचाच. मे महिन्यात गेलात तर फुले मिळणार नाहीत.

म्हणून एप्रिलचा पहिला आठवडा धरावा. मात्र १५ फेब्रुवारीच्या सुरू लागणीला नत्राचा दुसरा हप्ता सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे २९ मार्च ते १२ एप्रिलच्या दरम्यान येतो. तो सहाव्या आठवड्यातच टाकावा, पाणी द्यावे आणि मग निघावे.

पुण्याहून रेल्वेने जम्मूला पोचायलाच जवळजवळ दोन दिवस लागतात. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे. जाऊन-येऊन नऊ दिवस धरा. उन्हाळ्यात पाण्याची पाळी आठ-दहा दिवसांची. तेव्हा एक पाळी भावावर किंवा शेजाऱ्यावर सोपवून, मोटारीची किल्ली देऊनच गाडीत बसावे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे लागणीच्या घाईतच तिकिटाची आठवण ठेवावी लागेल. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ पर्यटकांवर हल्ला झाला होता. म्हणून सरकारी सूचना पाहूनच बेत पक्का करावा. थंडी लांबली तर बहरही मागे सरतो, हेही ध्यानात असू द्या.

बेण्यापासून भांगलणीपर्यंत घरची बाई आपल्याबरोबर उसात राबते. यंदा तिला "बघू" म्हणू नका, तारीख सांगा. खताचा आणि पाण्याचा मेळ बसवून हवा असेल तर लागणीची नोंद घेऊन गट ऑफिसला या, बसून ठरवू.