छातीवर थांबलेला रॉड

सोनाळ्यातल्या आमच्या व्यायामशाळेत एक शंभर पानी वही आहे. तिच्यात नावापुढे आधी पोराचं स्वतःचं वजन लिहायचं, मग त्यानं बेंचवर उताणं झोपून छातीवरून वर ढकललेलं वजन, आणि शेवटच्या रकान्यात दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागून येईल ते. तिसरा रकाना मी आखला. तेव्हापासून माझी पहाट त्याच रकान्यात जाते.

व्यायामशाळा म्हणजे टिनाचं छप्पर असलेला एक गाळा. बेंच गावातच वेल्डिंग करून घेतलेला, लोखंडी अँगलचा, वर रेक्झिन. दार उत्तरेला आहे, त्यामुळे उजाडलं की सातपुडा समोर दिसतो आणि त्यातलं अंबाबरव्याचं जंगल. मागे कपाशी-तुरीची काळी जमीन, मध्ये संत्र्याचे बगीचे. पोरं येतात ती बहुतेक पोलीस भरतीसाठी. तिथे छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटर वाढावी लागते, म्हणून पहिल्या दिवशी आलेला पोरगा थेट बेंचवरच जाऊन झोपतो. पायांचा व्यायाम त्याला महिनाभरानंतर आठवतो.

वही सुरू झाली ती एका पोराच्या हट्टापायी. वजन ५६ किलो, बारावी झालेला, सकाळी व्यायाम आणि दुपारी संत्र्याच्या कॅरेट भरायला मजुरीनं जाणारा. एका सकाळी रॉडला दोन्हीकडे दहा-दहाच्या दोन-दोन प्लेटा लावून त्यानं तो वर नेला आणि उठून म्हणाला, "काका, साठ मारले. माह्या वजनापेक्षा जास्त!"

आनंद खरा होता. पण साठ कुठून आले, हे मी विचारलं. प्लेटा चाळीस आणि रॉड वीस. स्पर्धेतला रॉड २० किलोचाच असतो, म्हणून सगळे वीसच धरतात. आपला रॉड मात्र कोणी कधी तोलला नव्हता.

त्याच दिवशी आम्ही चौघं रॉड खांद्यावर आणि प्लेटा हातगाडीवर घालून एका अडत्याच्या दुकानी गेलो. सोयाबीनचे कट्टे जिथे तोलतात तो इलेक्ट्रॉनिक काटा. मापाऱ्यानं ताट पुसलं, काटा शून्यावर आणला आणि रॉड आडवा ठेवला. आकडे थरथरले आणि थांबले: १४.३. मग प्लेटा एकेक करून. दहा छापलेली एक ९.५ भरली, दुसरी ९.९, एक तर १०.१. खडूनं प्रत्येकीवर खरं वजन लिहिलं. पोराच्या त्या चार प्लेटा मिळून ३९.१ झाल्या. म्हणजे साठ नव्हतेच, ५३.४ होते. भागाकार ०.९५.

तो काही बोलला नाही. रॉड परत आणताना पुढचं टोक त्यानंच धरलं होतं. मला वाईट वाटलं, तरी ते तोलणं गरजेचं होतं. गावात दाणा, कापूस, संत्रा सगळं काट्यावर चढतं, शंभर ग्रॅमसाठी माणसं वाद घालतात. मग पोरानं घाम गाळून मिळवलेलं बळ अंदाजावर का सोडायचं?

दुसऱ्या दिवशी ८४ किलोचा एक पोरगा बेंचवर आला. रुंद हाडाचा, घरची शेती, घरचं दूध. तो ऐंशी म्हणायचा, खडूच्या आकड्यांनी ते ७३ निघाले. ७३ भागिले ८४ म्हणजे ०.८७. बारक्या पोराचा चेहरा उजळला. "म्हंजे मीच पुढं ना?"

इथे मी थांबलो, कारण नुसता भागाकार जाड्या माणसावर अन्याय करतो. दोर किती ओढ सोसेल हे त्याच्या जाडीवर ठरतं, लांबीवर नाही. स्नायूचंही तसंच: त्याचं बळ त्याच्या आडव्या छेदाएवढं, आणि वजन मात्र लांबी, रुंदी, जाडी तिन्ही मिळून. माणूस सगळ्या अंगांनी सारखा वाढला तर वजन जितक्या वेगानं वाढतं तितक्या वेगानं बळ वाढत नाही. एम. एच. लिट्झके यांनी १९५६ साली वेटलिफ्टिंगच्या विक्रमांवरून दाखवलं होतं की उचललेलं वजन साधारणपणे शरीराच्या वजनाच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे चढतं. आमच्या वहीत याचा अर्थ असा: ८४ म्हणजे ५६ च्या दीडपट, पण बळाची अपेक्षा दीडपट नाही, सुमारे १.३१ पट. बारक्याच्या ५३.४ ला त्यानं गुणलं तर ७० येतात. जाड्यानं ढकलले ७३. म्हणजे भागाकारानं बारका पुढे आणि या हिशेबानं जाड्या पुढे. पॉवरलिफ्टिंगमध्ये म्हणूनच वजनगट आहेत, पुरुषांचे ५९, ६६, ७४, ८३, ९३ असे वर चढत जाणारे, आणि वेगवेगळ्या गटांतला सर्वोत्तम ठरवायला गुणांचं वेगळं सूत्र. दोघांना मी कागदावर हे करून दाखवलं. त्यांनी ते किती मानलं ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून दोघं एकमेकांना सपोर्ट द्यायला उभे राहू लागले.

भरतीचं मैदान मात्र हा हिशेब करत नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून खुपते. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा. ५६ च्या पोरालाही तोच, ८४ च्यालाही तोच, आणि पूर्ण १५ गुण हवे असतील तर दोघांनाही तो ८.५० मीटर फेकायचा. गोळ्याला फेकणाऱ्याचं वजन माहीत नसतं. उलट १६०० मीटर धावताना स्वतःचंच ओझं वाहायचं असतं, तिथे बारका हसत पुढे जातो आणि जाड्या तिसऱ्या फेरीला गळतो. म्हणून बारक्याला मी सांगितलं की गोळ्यासाठी तुझ्या रॉडवरचा आकडा वाढायला हवा, आणि जाड्याला सांगितलं की तुझा तिसरा रकाना वाढायला हवा, मग भले पोट उतरवून वाढव.

आता बेंचवर प्रत्यक्ष काय घडतं ते. रॉड डोळ्यांच्या रेषेत येईल असं झोपायचं. खांद्याचे फरे मागे ओढून एकमेकांकडे दाबायचे, जणू मध्ये रुपयाचं नाणं धरलंय. तळवे जमिनीला पक्के. अंगठा रॉडच्या भोवती, हे मी कुणालाही सोडू देत नाही. उमेदीच्या वर्षांत दुसऱ्या एका गावी मी अंगठा मोकळा ठेवून एकटाच मारत होतो. रॉड तळहातावरून घसरला आणि बरगडीवर बसला. दोन्ही टोकांना कॉलर आवळलेले, त्यामुळे एका बाजूला कलंडून प्लेटा पाडताही येईनात. पोटावरून मांड्यांपर्यंत रॉड लोळवत कसाबसा उठलो. तीन आठवडे हसता येत नव्हतं. तेव्हापासून माझा दंडक आहे: सोबतीला कोणी नसेल तर कॉलर लावायचे नाहीत.

श्वास भरून रॉड खाली आणायचा, छातीच्या खालच्या भागावर टेकवायचा आणि तिथे थांबवायचा. ते थांबणंच सगळं काही आहे. स्पर्धेत रॉड छातीवर स्थिर झाल्याशिवाय पंच वर ढकलायची आज्ञा देत नाही. डोकं, खांदे, ढुंगण बेंचला लागलेलं हवं, पाय जमिनीला. पोरं सुरुवातीला रॉड छातीवर आपटून उसळी घेतात, आणि त्या उसळीत आठ-दहा किलो फुकट मिळतात. दुसरी खोट सपोर्टवाल्याची. मागे उभा असलेला मित्र "हात लावला नाई, हात लावला नाई" म्हणत दोन बोटांनी रॉड ओढत असतो. आमच्याकडे बोट लागलं की तो सेट वहीत नाही. पहिल्या आठवड्यात या दोन नियमांनी सगळ्यांचे आकडे खाली आले. दोन पोरं रुसून गेली. पुढे परत आली.

मधली जागा बघायला शिकावं लागतं. रॉड छातीवरून चार-सहा बोटं वर सुटतो आणि मग मध्येच जड होतो, कोपर बाहेर पळायला लागतं, चेहरा लाल होतो, मानेवरची शीर उठते. दोन सेकंदांचा हा प्रकार असतो. वर जाणारा रॉड तिथे हळू होतो, पण थांबत नाही. थांबला की मी लगेच हात घालतो.

पोरांच्या मोबाईलवर सांगलीच्या संकेत सरगरचा व्हिडिओ असतोच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यानं १३५ किलो डोक्यावर तोललं. म्हणजे जवळपास अडीचपट. पुढच्या प्रयत्नात कोपर दुखावलं, एकूण २४८ किलोंवर रौप्य मिळालं, सुवर्ण एका किलोनं गेलं. ते डोक्यावरचं उचलणं, बेंचचं नव्हे. निव्वळ बेंच हा ज्यांचा खेळ आहे ते खेळाडू मी पोरांना मुद्दाम दाखवतो: पॅरा पॉवरलिफ्टिंगचे. पायांत अपंगत्व असलेली ही माणसं बेंचवर पाय लांब करून, पट्ट्यांनी बांधून ढकलतात, जमिनीचा रेटा त्यांना नाहीच. त्याच बर्मिंगहॅममध्ये भारताच्या सुधीरनं ८७.३ किलो वजन असताना २१२ किलो ढकलून सुवर्ण घेतलं. चीनच्या ग्वो लिंगलिंगनं टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये ४१ किलो गटात १०९ किलो नेले, म्हणजे अडीचपटीच्याही वर. हे ऐकल्यावर आमच्या गाळ्यात थोडा वेळ कोणी बोललं नाही.

दंडाचं वजन किती, हा प्रश्न जाड्यानं काढला. कोल्हापूर-सांगलीकडे जोर म्हणतात ते आम्ही दंड म्हणतो. पुन्हा तोच काटा. बारक्यानं दोन्ही तळवे ताटावर ठेवले, पाय काट्याच्याच उंचीच्या पाटावर. हात सरळ असताना आकडा ३८ ते ३९ मध्ये खेळला, छाती खाली नेऊन धरल्यावर ४२. स्वतःच्या वजनाचा पाऊण हिस्सा. जाड्याचे खाली ६३ भरले. मापारी बघतच राहिला. म्हणाला, "म्हंजे हा पोट्टा दंड मारते तं बेचाळीस किलो ढकलून राह्यला?" आखाड्यातल्या पैलवानाला हे काट्यानं सांगावं लागलं नव्हतं. दंडात वजन आपोआप ज्याचं त्याला मापून मिळतं, म्हणून कोणी जाड कोणी बारीक असले तरी एकाच रांगेत उभे राहतात.

एका गोष्टीमुळे मला माझंच मत बदलावं लागलं. बाजारात हमाली करणारा पंचविशीचा एक गडी काही दिवस यायचा. साठ किलोचा कट्टा पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो, दिवसातून कितीतरी वेळा. अंगानं जेमतेम ५४. मला वाटलं हा सगळ्यांना मागे टाकेल. बेंचवर त्याचे ४० सुद्धा डगमगले. पाठ, मांड्या, पोटऱ्या पोलादी, पण छातीवरून ढकलायचं काम त्याच्या अंगाला कधी पडलंच नव्हतं. त्या रकान्यात त्याला ०.७४ लिहिताना हात अडखळला. त्याच्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर मी वेगळा हिशेब लिहिला: ६० भागिले ५४, फळीवरून चढून, उभ्यानं. तो वाचून खूश झाला आणि हंगाम लागल्यावर यायचा बंद झाला.

हंगाम वहीत दिसतो. सोयाबीन निघायला लागलं की आकडे उतरतात, कापसाच्या दिवसांत तर निम्मी पानं कोरी. दिवसभर डीएपीच्या पन्नास किलोच्या गोण्या उतरवलेला पोरगा पहाटे बेंचवर आला तरी त्याचं अंग आलेलं नसतं. अशा दिवशी मी त्याला नुसते हलके सेट करून घरी पाठवतो, झोप म्हणतो. डब्यातल्या पावडरीचं विचारतात, तेव्हा आधी घरचं ताट विचारतो: भाकरीसोबत वरण घट्ट आहे का, फुटाणे-शेंगदाणे मूठभर आहेत का, अंडं चालतं का. दीड महिना हे नीट केलं की पावडरीचा प्रश्न बहुतेकदा मागे पडतो.

बारक्याचं वजन आता ५७.८ आहे. गेल्या गुरुवारी त्याला स्वतःच्या वजनाइतकंच हवं होतं, ना कमी ना जास्त. खडूचे आकडे जुळवून ५६.८ झाले. उरलेल्या एका किलोसाठी त्यानं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या रेतीच्या दोन पुरचुंड्या काट्यावर तोलून आणल्या आणि सुतळीनं दोन्ही टोकांना बांधल्या. जाड्या मागे उभा राहिला, हात कमरेच्या मागे बांधून, बोट लागायला नको म्हणून. रॉड खाली आला, छातीवर टेकला, पुरचुंड्यांचं झुलणं थांबलं. मी म्हणालो, "मार." सुटला, मध्ये जड झाला, डावं कोपर जरा बाहेर गेलं. गाळ्यात श्वास ऐकू येत होता. मग कोपरं सरळ झाली.

मी १.०० लिहीपर्यंत तो बाहेर पडला होता. दाराशी ठेवलेला गोळा त्यानं मानेला लावला होता, आणि जाड्या ओरडत होता, "टेप कुठी हाय बे, टेप आना!"