सुटलेलं वाचन आणि उद्याच्या गोष्टी



शाळेत असताना आपल्यापैकी काही जणींच्या हातून गोष्टीचं पुस्तक सुटत नसे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या गोष्टी तेव्हा कुणी वाचल्याही असतील. चंद्राकडे निघालेली माणसं, समुद्राच्या तळाशी फिरणारी बोट! पुढे लग्न झालं; घर, शेत, मुलंबाळं यांत वाचन मागे पडलं. आता वाचायला बसलं तर कुणीतरी म्हणतंच, “कामं संपली वाटतं!” आणि त्यात विज्ञानकथा म्हटली की वाटतं, ते शिकलेल्यांचं आणि पोरांचं काम.

पण विज्ञानकथा म्हणजे काय, ते आधी बघू. परीकथेत काठी फिरवली की भोपळ्याचा रथ होतो. का होतो, ते कुणी विचारत नाही. विज्ञानकथेत मात्र कारण द्यावं लागतं. लेखक एकच गोष्ट बदलतो, एखादं नवं यंत्र आणतो, एखादा शोध लावतो, आणि विचारतो, “असं झालं तर माणसांचं काय होईल?” हा ‘तर’ आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. पाऊस लांबला तर? बोअरचं पाणी आटलं तर? पुढचा विचार करूनच तर आपण घर चालवतो.

शिवाय हे लेखन बायकांना नवं नाही. ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी 1818 साली इंग्लंडमध्ये छापली गेली. विज्ञानकथेची सुरुवात पुष्कळ जण तिच्यापासून धरतात. ती लिहिणारी मेरी शेली तेव्हा अवघी वीस वर्षांची होती.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. बेगम रुकैया 1880 साली रंगपूर भागात, म्हणजे आजच्या बांगलादेशात जन्मल्या. घरात कडक पडदा. मुलींना शाळा नाही. थोरल्या भावाने त्यांना घरीच इंग्रजी शिकवलं. त्यांनी ‘सुलतानाज् ड्रीम’, म्हणजे ‘सुलतानाचं स्वप्न’, ही कथा इंग्रजीत लिहिली. ती 1905 साली मद्रासच्या एका महिला मासिकात छापून आली.

त्या कथेत बायकांचं राज्य आहे. पुरुष घरात पडद्यात बसतात आणि बायका कारभार बघतात. स्वयंपाकघरात कोळसा नाही, धूर नाही. अन्न शिजतं ते उन्हाच्या उष्णतेवर. पाणी थेट ढगांतून उतरवून घेतात. एकविसाव्या वर्षाआधी मुलीचं लग्न करायचं नाही, असा तिथल्या राणीचा हुकूम आहे.

सौरचूल आज आपण पाहतो, पण रुकैयांनी हे लिहिलं त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. लिहून त्या थांबल्या नाहीत. 1911 साली त्यांनी कोलकात्यात मुलींची शाळा चालू केली. कथेतल्या मुली शिकत होत्याच. मग खऱ्या मुलीही शिकू लागल्या.

मराठीतही ही वाट मोठी आहे. मराठी विज्ञान परिषदेने 1974 साली विज्ञानकथा स्पर्धा ठेवली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी तिच्यात ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं ते नावाला नव्हे, गोष्टीला. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह वाचनालयात मागून पाहा.

सुटलेली सवय परत कशी लावायची? जाड कादंबरी घेऊ नका, लहान कथा घ्या. बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. जिला वाचता येत नाही, तीही यात आली. एखादा शास्त्रीय शब्द अडला तर सोडून पुढे चला, गोष्ट कळते. आणि घरच्या शाळकरी मुलीला विचारा, तिला सांगायला आवडेल.

वाचून झालं की तीन प्रश्न घ्या. लेखकाने कोणती गोष्ट बदलली? त्यामुळे कुणाचं काम हलकं झालं आणि कुणाचं वाढलं? आपल्या गावात असं झालेलं आपल्याला चालेल का?

तिसऱ्या प्रश्नावर भांडण झालं तर होऊ द्या. गावात नवं यंत्र, नवं बियाणं किंवा नवी योजना येते, तेव्हा हेच प्रश्न विचारायचे असतात. विचारायची सवय असलेली बाई मग ग्रामसभेतही गप्प बसत नाही.

पुढच्या बैठकीला एक पुस्तक घेऊन या.