अत्तर शुद्ध असले तरी जपून वापरा

आठवडी बाजारात, उरुसात, रेल्वे स्टेशनबाहेर गुलाब, मोगरा, केवड्याच्या लहान बाटल्या विकायला असतात. ‘शंभर टक्के नैसर्गिक, यात केमिकल नाही’ असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. कुणी ते अत्तर कपड्याला लावतो, कुणी डोके दुखले की कपाळाला चोळतो, तर कुणी लेकराच्या मालिशच्या तेलात दोन थेंब टाकतो. म्हणून या बाटलीत नेमके काय असते, हे घरातल्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे, फुलाचा वास हाच मुळात रसायनांचा असतो. गुलाबाच्या तेलात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, नेरॉल असे शेकडो घटक असतात. जाई-मोगऱ्याच्या वासात बेंझिल ॲसिटेट आणि लिनॅलूल असतात, शिवाय थोडेसे इंडोल. हे इंडोल माणसाच्या विष्ठेतही असते. अगदी कमी प्रमाणात मात्र ते फुलाच्या वासाला गोडवा देते. तेव्हा ‘केमिकल नाही’ हे बोलणेच चुकीचे आहे. केमिकल फुलातही आहे आणि कारखान्यातही आहे. बेंझिल ॲसिटेट कारखान्यात स्वस्तात तयार होते आणि त्याचा वास मोगऱ्याची आठवण करून देतो. स्वस्त मोगरा अत्तरात बहुधा तेच असते.

आता अत्तर कसे बनते ते पाहू. उत्तर प्रदेशातील कन्नौज हे गाव अत्तरासाठी प्रसिद्ध आहे. तिथे तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे ‘देग’मध्ये, फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात आणि खाली जाळ लावतात. वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या ‘भपक्या’त उतरते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलाचा वास त्या तेलात मुरतो. असे कित्येक दिवस रोज ताजी फुले घालून करावे लागते. म्हणजे अस्सल अत्तरातही मोठा भाग आधाराच्या तेलाचा असतो. चंदन फार महागल्यापासून अनेक ठिकाणी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी नावाचा पातळ पदार्थ वापरतात. डीओपी हे प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरले जाणारे रसायन आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा प्रजननावर वाईट परिणाम दिसला आहे आणि युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी घातली आहे. बाटलीवर मात्र फक्त गुलाबाचे चित्र असते.

मग खरे-खोटे कसे ओळखायचे? कागदावर थेंब टाकून डाग पाहणे ही जुनी युक्ती आहे. डाग राहिला तर त्यात न उडणारे तेल आहे, एवढेच कळते. पण चंदनाच्या आधारावरील चांगल्या अत्तराचाही डाग बराच काळ राहतो, आणि कारखान्यातला वास डाग न ठेवता उडून जातो. पाण्यात थेंब टाकणे, जाळून पाहणे यांनीही खात्री होत नाही. घटक वेगळे करून दाखवणारी गॅस क्रोमॅटोग्राफी ही तपासणी प्रयोगशाळेतच होते.

आपल्या हाती एक सोपी चाचणी आहे, ती हिशोबाची. एक किलो शुद्ध गुलाबतेलासाठी साधारण 4,000 किलो फुले लागतात. म्हणजे एका ग्रॅमला 4 किलो. दहा मिलीच्या बाटलीत सुमारे साडेआठ ग्रॅम तेल मावते, त्याला 34 किलो फुले हवीत. आपल्या बाजारात गुलाबाचा किलोचा भाव काय आहे, तो लावून पाहा. शंभर-दोनशे रुपयांत ‘शुद्ध गुलाबतेल’ कसे मिळेल, याचे उत्तर तिथेच सापडते.

पण तेल खरे निघाले तरी आरोग्याचा प्रश्न संपत नाही. भेसळीने खिशाला चाट बसते आणि कधी त्वचेलाही त्रास होतो, हे खरे. मात्र फुलातून आलेले लिनॅलूल, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल हेही काही जणांना ॲलर्जी करतात. लिनॅलूल तर हवा लागून जुने झाले की जास्त त्रासदायक होते. म्हणून अर्धी वापरलेली, वर्षानुवर्षे फळीवर पडलेली बाटली अंगाला लावू नये. खाज, पुरळ, त्वचा लाल होणे, आणि पुन्हा पुन्हा त्रास झाल्यास त्या जागी काळा डाग राहणे, ही ॲलर्जीची लक्षणे आहेत. घर एका खोलीचे आणि खिडकी लहान असेल, तर उग्र वासाने दमेकऱ्याचा श्वास अडू शकतो. त्या वेळी अत्तर अस्सल आहे की नकली, याने फरक पडत नाही.

म्हणून एवढे पाळा:

• शुद्ध फुलतेल थेट अंगाला लावू नका. अत्तर कपड्याला लावणे बरे.
• अंगाला लावायचेच असेल तर खोबरेल तेलात एखादा थेंब मिसळून कोपराच्या आतल्या बाजूस लावा आणि दोन दिवस वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका.
• तान्ह्या बाळाच्या अंगाला, नाकाला, उशीला लावू नका. डोळ्यांपासून दूर ठेवा.
• घरात दमेकरी असेल तर सुगंधी तेल जाळू नका, फवारू नका.
• बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने तेल प्यायले तर उलटी करायला लावू नका. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात न्या.
• विकत घेताना उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी पाहा. सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर यातील बरीच माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. कोऱ्या बाटलीतले तेल अंगाला लावू नका.

डोकेदुखी वारंवार होत असेल, लेकराचा खोकला थांबत नसेल, तर अत्तरावर पैसे घालवण्यापेक्षा सरकारी दवाखान्यात जाऊन कारण शोधा. सुगंध मनाला बरा वाटतो, त्यात गैर काही नाही. त्याला औषध मात्र समजू नका.